वरातीतल्या घोडीच्या पाठीसाठी रात्रीची वीस मिनिटं

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. तुमचा पेपर आमच्याकडे सासऱ्यांच्या काळापासून येतो, पण पत्र मी पहिल्यांदाच लिहितीये. मी माणसांची फिजिओथेरपिस्ट आहे, सिंहगड रोडला राहते, दिवसभर कंबर, गुडघे, आखडलेले खांदे हेच बघत असते. घोड्यांचा आणि माझा या मे महिन्यापर्यंत काही संबंध नव्हता, म्हणजे लहानपणी सारसबागेपाशी घोड्यावर फेरी मारलेली तेवढाच.

झालं असं की भाचीचं लग्न होतं. परण्या मारुतीच्या देवळात जाऊन परत कार्यालयाकडे निघाला, अंतर म्हणाल तर चालत दहा मिनिटांचं, पण पुढे डीजे, त्याच्यापुढे नाचणारी पोरं, फटाके, दर पाच पावलांना थांबायचं, असं करत करत दोन तास गेले. घोडी पांढरीशुभ्र, अंगावर जड जरीची झूल, वर नवरा मुलगा, त्याच्यापुढे एक छोटा भाचा बसवलेला, आणि लगाम इतका आखूड धरलेला की मान सरळ आभाळाकडे. मी पूर्णवेळ तिच्या शेजारीच चालत होते आणि सवयीनी माझी नजर तिच्या पाठीवर. नवरा मुलगा उतरताना डाव्या रिकिबीवर सगळा भार टाकून लोंबकळला आणि तिची पाठ झोळीसारखी खाली गेली. आमच्याकडे पेशंट कण्हतात, ओरडतात, ही गप्प उभी होती, फक्त कान मागे आणि नाकपुडीच्या वर एक बारीक सुरकुती.

खोगीर काढल्यावर मी पुढे होऊन तिच्या पाठीवर तळवा ठेवला, मणक्याच्या बाजूला वीतभर अंतरावर. फळी. अक्षरशः लाकडाची फळी वाटावी इतका तो स्नायू ताठ होता. मी नुसता हात ठेवून उभी राहिले, काही केलं नाही, दाबलं नाही, मिनिटभरानी तिचा खालचा ओठ सैल पडून थरथरायला लागला, मान हळूहळू खाली आली आणि तिनी एवढी मोठी जांभई दिली की मीच दचकले. घोडीवाले मामा म्हणाले, "ताई, हात काढू नका, तिला बरं वाटतंय." ते मामा आता माझे खरे मामा झालेत असं म्हणलं तरी चालेल, कारण चातुर्मासात लग्नं नसतात तेव्हा प्रत्येक रविवारी सकाळी मी त्यांच्या तबेल्यात जायला लागले आणि त्यांच्याकडून जे शिकले ते आणि मी वाचून, घोड्यांच्या डॉक्टरांना विचारून जे समजून घेतलं ते असं दोन्ही सांगायला हे पत्र.

मामांचे वडील पुणे स्टेशनला टांगा चालवायचे. रात्री टांगा सोडला की आधी घोड्याला खरारा, मग गवताची मूठ वळून त्या मुठीनी मान, खांदे, पाठ, मांड्या चोळायच्या, मग पायांवर पाणी, मग चंदी म्हणजे दाणा, आणि हे सगळं झाल्याशिवाय म्हातारा ताटावर बसायचा नाही. मामा म्हणतात, घरात कुणी मालीश असा वेगळा शब्दसुद्धा वापरत नव्हतं, ते घोडं सोडायच्या कामातच धरलेलं असायचं. आता काय होतं, घोडी टेम्पोतून येते, वरात झाली की टेम्पोत चढते, एका रात्रीत दोन-दोन सुपाऱ्या असतात, बरोबरचा पोरगा रोजावर आलेला, त्याला कुणी हे शिकवलेलंच नाही. पोराची चूक आहे असं मी मुळीच म्हणत नाही, तो सुद्धा दुपारपासून उपाशी उभा असतो.

आता जरा शरीराचं सांगते कारण ते कळल्याशिवाय मालीश म्हणजे लाडच वाटतात. आपल्याला गळ्याखाली कॉलर बोन असतं ना, तसं हाड घोड्याला नसतं. पुढचे दोन्ही पाय छातीच्या पिंजऱ्याला फक्त स्नायूंनी आणि स्नायुबंधांनी बांधलेले आहेत, म्हणजे पिंजरा दोन पायांच्या मधे झोळीत टांगल्यासारखा आहे, आणि अंगाचं साधारण ६० टक्के वजन या पुढच्या पायांवर येतं. त्यात पाठीवर माणूस बसला की तो पण पुढच्याच भागावर. घोडं मान खाली घालून चालतं तेव्हा डोक्यापासून पाठीपर्यंत जो जाड स्नायुबंध जातो तो ताणला जातो आणि पाठ आपोआप वर उचलली जाते. लगाम आखूड धरून मान वर ठेवली की नेमकं उलटं, पाठ खाली खचते आणि सगळा भार पाठीच्या त्या दोन लांब स्नायूंवर. वरातीत घोडी "रुबाबदार" दिसावी म्हणून आपण तिची मान दोन तास वर धरून ठेवतो, म्हणजे काय करतो ते बघा. तुम्ही स्वतः दोन तास मान मागे टाकून आभाळाकडे बघत पाठीवर पोतं घेऊन उभं राहून बघा, दुसऱ्या दिवशी माझ्याच क्लिनिकला यावं लागेल.

आणि वरातीतलं उभं राहणं हे चालण्यापेक्षा वाईट असतं हे लोकांना पटत नाही. चालताना स्नायू आवळतात, सैल होतात, रक्त फिरतं. डांबरावर लोखंडी नाल घालून एकाच जागी उभं राहायचं, कानाशी डीजे, आणि घोड्याला आपल्यापेक्षा कितीतरी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात, ते कान स्वतंत्रपणे फिरवून प्रत्येक आवाजाचा माग काढत असतं, पळून जायला बनलेला प्राणी, पळायची परवानगी नाही, मग सगळं शरीर आवळून धरतं. ताठपणा अर्धा पाठीचा आणि अर्धा भीतीचा असतो. म्हणून नुसता दाब देऊन उपयोग नाही, आधी तिला शांत करावं लागतं.

शांत करायची जागा मामांनी पहिल्याच रविवारी दाखवली, आयाळ संपते तिथला उंचवटा, खोगिराच्या अगदी पुढे. दोन घोडी मोकळी सोडली की एकमेकांची हीच जागा दातांनी खाजवतात. गंमत म्हणजे १९९३ मध्ये फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवर अभ्यास झालाय, त्यात याच जागी खाजवलं की हृदयाचे ठोके कमी होतात असं दिसलं. मामांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले बरं झालं मोजलं. घरी पण मोजता येतं, जबड्याच्या आतल्या कडेला बोटं लावली की नाडी लागते, निवांत घोड्याचे मिनिटाला साधारण २८ ते ४४ ठोके असतात, श्वास ८ ते १६. वरातीनंतर अर्ध्या तासानी सुद्धा हे खाली आलं नसेल तर मालीश बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा.

तर आम्ही काय करतो ते सांगते. खोगीर काढल्या काढल्या आधी पाठ बघायची. घामानी सगळी पाठ ओली आणि मधेच एखादा तळहाताएवढा कोरडा डाग दिसला तर खूश व्हायचं नाही, बऱ्याचदा तिथे खोगीर इतकं दाबतंय की घामसुद्धा फुटला नाही असा त्याचा अर्थ असतो. काळ्या-तांबड्या घोड्यांना अशा जागी पुढे पांढरे केस येतात म्हणून लक्षात तरी येतं, पांढऱ्या घोडीवर तो पुरावा दिसतच नाही, आणि आपल्याला वरातीला पांढरीच पाहिजे असते! म्हणून हातानी चाचपायचं. (आपण फालतू गोष्टीला खोगीरभरती म्हणतो, पण खरी खोगीरभरती, म्हणजे खोगिराच्या आत जे भरतात, ते कुठे गोळा झालंय, कुठे बसलंय यावरच त्या जनावराची पाठ राहते की जाते हे ठरतं. मामांनी खोगीर उसवून परत भरून घेतलं, माझ्या मते तो या तीन-चार महिन्यांतला सगळ्यात मोठा उपचार.)

मग पाणी. गरम घोड्यावर गार पाणी टाकलं की लकवा मारतो, पाठ धरते असं आपल्याकडे पक्कं बसलंय. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी दमट उन्हाळ्यात घोड्यांचं काय होणार म्हणून बराच अभ्यास झाला आणि त्यातनं उलटंच पुढे आलं की तापलेल्या घोड्यावर भरपूर गार पाणी टाकत राहणं हाच त्याला थंड करायचा चांगला उपाय आहे. प्यायला पण द्यायचं. आणि मीठ, घोड्याच्या घामातून खूप मीठ जातं, खड्याचं मीठ तबेल्यात कायम पाहिजे.

त्यानंतर हात. डाव्या बाजूला उभं राहायचं, तिला आपण कुठे आहोत ते दिसलं पाहिजे, पूर्ण तळवा त्या उंचवट्यावर, बोटांची टोकं नाही, अंगठा नाही. तिथनं मानेच्या वरच्या कडेनी कानामागेपर्यंत हळूहळू जायचं आणि नजर हातावर नाही तर तिच्या डोळ्यावर ठेवायची. पापणी लवली, की तिथेच थांबायचं. घाई नाही. थोड्या वेळानी ती ओठ चाटेल, चघळल्यासारखं करेल, जांभई देईल, फुरफुरेल, मागचा एक पाय सैल सोडेल. हे झालं की पुढे सरकायचं. अनुभवी लोक म्हणतात की जिथे जास्त आखडलंय तिथे आधी हे काहीच होत नाही, ती नुसती स्तब्ध उभी राहते, आणि मग आपल्याला वाटतं काही उपयोग नाही आणि आपण जोर लावतो, आणि तिथेच चुकतं. आमच्या माणसांच्या कामात पण हेच आहे, दुखऱ्या जागेवर जोर लावणारा हात पेशंट कायम लक्षात ठेवतो.

पाठीवर येताना मणक्याच्या हाडांवर कधीच दाबायचं नाही, बाजूच्या मांसल पट्टीवर तळव्यानी सावकाश गोल गोल, आयाळीपासून शेपटीकडे. कातडी थरारली, पाठ खाली गेली, कान मागे पडले, शेपटी फटकारली, तर तिनी सांगितलंय की इथे दुखतंय, हात हलका करा किंवा नुसता ठेवा. तंगाखालची, म्हणजे खोगीर आवळायच्या पट्ट्याखालची जागा, पुढच्या पायाच्या कोपरामागे, तिथे कातडीच्या घड्या चिमटलेल्या असतात, म्हणून तंग आवळल्यावर पुढचे पाय एकेक करून अलगद पुढे ओढून सोडले की घडी निघते, हे काम सुरू व्हायच्या आधीच करायचं, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पाय खालपासून गुडघ्यापर्यंत चाचपायचे, दोन्ही पाय एकसारखे गार लागले पाहिजेत. एखादा गरम, सुजलेला असेल तर चोळायचा नाही, त्याच्यावर १५-२० मिनिटं गार पाण्याची धार धरायची आणि डॉक्टर.

शेवटी गाजर. हे मला सगळ्यात आवडतं. गाजर दाखवून घोडीला हनुवटी छातीला लावायला लावायची, मग दोन गुडघ्यांच्या मधे, मग एका कुशीकडे, दुसऱ्या कुशीकडे, तिथे काही सेकंद थांबवायचं आणि मग गाजर द्यायचं. मान धरून वाकवायची नाही, ती स्वतः वाकते हाच यातला मुद्दा. २०११ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात आठ घोड्यांना तीन महिने, आठवड्यातून पाच दिवस, प्रत्येक प्रकार पाच वेळा असं करवलं आणि मणक्याला धरून ठेवणारे जे आतले छोटे स्नायू असतात ते मोजून बघितले तर ते वाढले होते. मामांच्या घोडीला जुलैच्या सुरुवातीला डावीकडे वळवलं तर नाक जेमतेम खांद्यापर्यंत यायचं आणि मग ती पूर्ण अंगच फिरवायची, उजवीकडे आरामात तंगापर्यंत. मामांचा मुलगा नववीत आहे, तो शाळेतून आला की रोज करायचा, भिंतीवर खडूनी खुणा करून ठेवल्या होत्या त्यानी. दसऱ्यापर्यंत डावीकडचं नाक पण तंगाला लागायला लागलं. एका घोडीवरनं मी काही सिद्धांत मांडत नाहीये. पण सगळेजण डावीकडूनच चढतात, डावीकडूनच उतरतात, डावीकडूनच धरून चालवतात, तर डावी बाजू आखडणार नाही तर काय.

आणि एक फार साधी गोष्ट, झोप. घोडं उभ्या उभ्या डुलकी काढतं हे सगळ्यांना माहितीये त्यामुळे त्याला आडवं व्हायला लागतच नाही असा समज आहे. गाढ झोप, स्वप्नांची झोप, ती आडवं झाल्याशिवाय लागत नाही त्याला. अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून-मागून बांधायचे दोर, इतकी आखूड बांधलेली असते की बसायचं म्हणलं तरी जमत नाही, वर खाली फरशी. दोर हातभर लांब करा, खाली कोरडं गवत किंवा भुसा टाका. मालिशीचा अर्धा फायदा यातच आहे.

मालीश कुठे चालत नाही ते पण सांगायलाच हवं नाहीतर माझ्या पत्रामुळे कुणाचं नुकसान व्हायचं. ताप, जखम, खोगिराचा फोड, अचानक लंगडणं, पोटदुखी यात हात लावायचा नाही. लग्नाची तारीख नाही म्हणून चार दिवस बांधून ठेवलं, चंदी मात्र पूर्ण, आणि पाचव्या दिवशी एकदम कामाला काढलं की काही घोड्यांचे मागचे स्नायू दगडासारखे होतात, घाम फुटतो, पाऊल टाकवत नाही, लघवी गडद तांबूस होते. त्याला चोळू नका, चालवू पण नका, जिथे आहे तिथेच उभं ठेवा आणि लगेच डॉक्टर बोलवा. बसून असेल त्या दिवशी चंदी कमी, फिरवणं चालू, एवढं पाळलं तरी हे बऱ्याच अंशी टळतं.

आता काही जण म्हणतील घोडी वरातीत वापरणंच बंद करा. मुंबईत २०१५ मध्ये हायकोर्टानी व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद करायला सांगितल्या, तसं इथे पण व्हावं म्हणणारे आहेत, त्यांचं मन मला कळतं. पण मामांकडची घोडी आज आहे, उद्या सकाळी तिची पाठ दुखणार आहे, तिच्यासाठी आज रात्री काय करायचं एवढाच माझा प्रश्न आहे. कायदा पण आहे, ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत, दिवसात एकूण ९ तासांच्या वर काम नको, सलग ५ तासांच्या वर नको, पारा ३७ च्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ नको, काटेरी लगाम नको. हे नियम किती घोडीवाल्यांना कुणी समजावून सांगितलेत?

मागणी करतीये ती मोठी नाही. पशुसंवर्धन आयुक्तालय आपल्याच औंधला आहे, पशुवैद्यकीय कॉलेज शिरवळला, तासा-दीड तासाच्या अंतरावर. वर्षातनं एक दिवस, तुळशीचं लग्न व्हायच्या आधी, पुण्यातल्या घोडीवाल्यांना आणि त्यांच्या पोरांना बोलवून हातानी करून दाखवा, भाषण नको. नालबंद पण बोलवा, कारण सहा ते आठ आठवड्यांनी नाल बघितला नाही तर पाय वाकडा पडतो आणि तो वाकडेपणा पाठीत येतो. रेसकोर्सवरच्या घोड्यांसाठी मालीश, पाय गार करणं, डॉक्टर हे सगळं असतंच, त्याच शहरात तीन-चार मैलांवर वरातीची घोडी राहते, तिला ही विद्या पोचायला काय हरकत आहे.

कार्यालयवाल्यांनी गेटपाशी सावलीची एक जागा आणि एक पाण्याचा टब ठेवावा. आणि आपण, म्हणजे लग्नघरच्यांनी, सुपारी देताना वेळ ठरवताना वीस मिनिटं घोडीची म्हणून धरावीत, नवरा मुलाला चढा-उतरायला स्टूल द्यावं, पुढे भाचा-पुतण्या बसवू नये. घोड्यानी आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढंच वाहावं असं धरतात, साडेतीनशे किलोची घोडी असेल तर ७० किलो, त्यात खोगीर, झूल, साज सगळं आलं. आजकालचा नवरा मुलगा शेरवानीसकट किती भरतो ते ज्याचं त्यानी बघावं. आणि डीजे घोडीपासून लांब, फार लांब.

माऊलींचा अश्व अंकलीहून चालत आळंदीला येतो, रिंगणात धावतो तेव्हा त्याच्या टापांखालची माती आपण कपाळाला लावतो, आपला खंडोबा घोड्यावर बसलेला. घोड्याबद्दल आपल्या मनात माया नाहीये असं मला अजिबात वाटत नाही, ती माया आपण दारातल्या घोडीपर्यंत नेत नाही एवढंच.

पेपरला पत्र लिहून काय होतं असं आमचे हे म्हणाले. १९३१ साली डोरोथी ब्रुक नावाच्या एका बाईनी कैरोहून लंडनच्या मॉर्निंग पोस्टला पत्र लिहिलं होतं, पहिल्या महायुद्धानंतर तिकडे विकून टाकलेले लष्कराचे म्हातारे घोडे रस्त्यावर कसे राबतायत त्याबद्दल. लोकांनी पैसे पाठवले, त्यातनं हजारो घोडे विकत घेतले गेले आणि १९३४ मध्ये कैरोत घोड्यांचा मोफत दवाखाना उभा राहिला. मी पैसे मागत नाहीये.

पत्र फार लांबलंय हे मला दिसतंय. जागेअभावी कापावं लागलं तर कैरोचं आणि अटलांटाचं कापा, पण कोरडा डाग, दोराची लांबी आणि हात कसा ठेवायचा तेवढं कृपा करून ठेवा, आणि जमलं तर तुळशीच्या लग्नाच्या आधी छापा. मामा तुमचाच पेपर घेतात, ते पान कापून तबेल्यात लावणार आहेत.

आपली नम्र,
एक वाचक, सिंहगड रोड, पुणे